कपाटाची किल्ली

मारामारीच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून मुलगा घरी आला, तेव्हा वडिलांनी सगळ्यांदेखत परवान्याच्या बंदुकीच्या कपाटाची किल्ली त्याच्या हातात ठेवली. "या घरात तुझ्यावर कुणाचाही अविश्वास नाही."

मुलाचा चेहराच उतरला. "बाबा, माझ्यासारख्याला बंदुकीला हात लावायची बंदी आहे. कळलं तर मी परत आत जाईन, आणि तुम्हीही गोत्यात याल."

"घरातली गोष्ट बाहेर जातेय कशाला!" त्यांनी विषय उडवून लावला.

सकाळी दारात पोलिसांची गाडी थांबली, तसे वडील मुलाकडे धावले. "किल्ली दे इकडे आणि मागच्या दाराने नीघ!"

मुलगा जागचा हलला नाही.

"मीच बोलावलंय त्यांना, बंदूक जमा करून घ्यायला. मला आता घरीच राहायचंय, बाबा."