साठीला हरकत

निवृत्तीचं वय अठ्ठावन्नवरून साठ करायच्या प्रस्तावावर तालुक्याच्या कचेरीत सगळ्यांनी ‘सहमत’ लिहून सह्या केल्या. ‘हरकत आहे’ असं लिहिणारे एकटे कारकून संघदीपभाऊ निघाले. पण कारणाचा रकाना त्यांनी कोराच ठेवला होता.

संघटनेचा शाहिद तो कागद घेऊन त्यांच्या टेबलाशी आला.

“भाऊ, आमी दहा वर्सं यासाठी भांडून राह्यलो, अन् तुमी नाही कायले म्हन्ता?”

“मले अठ्ठावन्नच बरं हाये.”

“अन् वहिनी? त्या शिपाई, अन् शिपायायले तर आधीपासूनच साठ हाये. शाळेच्या मास्तरनं तुमा दोघायची जन्मतारीख एकच टाकलेली, एक जुलै, सालबी तेच. आता दोघंबी एकाच दिवशी रिटायर व्हान. एकाच मांडवात सत्कार करू.”

“तेच तर नको ना.”

शाहिद खुर्ची ओढून बसला. संघदीपभाऊंनी खणातून डबा काढला आणि हळूच झाकण उघडलं. भाकरी अजून मऊ होती.

“तीस वर्सं झाली. रत्नमाला पाचले उठते. आधी माहा डबा भरते, मंग सोताचा, अन् मंग शिरपूरची एसटी धरते. तिच्या नोकरीची शेवटची दोन वर्सं मी घरी राहनार होतो.”

“मंग?”

“दिवाळीपासून भाकरी थापाले शिकून राह्यलो मी. दोघं एकाच दिवशी घरी बसलो, त डबा कोनाले भरून देऊ?”