एक्क्याण्णव टक्के

"हे जुनं डबडं तुझ्या पोराला घेऊन जा," असं म्हणत योगेशने टीव्ही गेम वायरींसकट पिशवीत कोंबला, आणि चहाचा ट्रे घेऊन आलेली जयमाला दारातच थांबली.

डबडं! शाळेतल्या नोकरीचा पहिला पगार झाल्या झाल्या श्रीरामपूरला जाऊन तिने तो घेतला होता, लग्नाच्याही आधी. देवळाली प्रवऱ्याच्या या घरात ती सून म्हणून आली तेव्हा भांड्यांच्या खोक्यात साड्यांत गुंडाळून तो आला होता. निदान विचारायचं तरी.

पाहुणा होता आसाराम. कारखान्याच्या टाइम ऑफिसात योगेशच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. त्याने संकोचून कप उचलला.

"वैनी, तुमच्या उपेगाचा असंल तर ऱ्हाऊ द्या."

"तिला काय उपेग त्याचा," योगेशच बोलला. "आता आपल्याकडं सीडीवाला हाय. ह्ये बघ." त्याने नवा गेम चालू केला. मेमरी कार्डात साठवलेला खेळ पडद्यावर आला. वर इंग्रजीत योगेशचं नाव, खाली आकडा: एक्क्याण्णव टक्के.

"आयला, लई पुढं गेलास की! कवा खेळतो येवढं?"

"असंच. येळ मिळंल तसं," योगेश म्हणाला, आणि मिशीवरून बोट फिरवलं.

जयमालाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नव्याचं खोकं उघडलं त्या दिवशी योगेशने हौसेने नाव घातलं, गुहेतल्या पाण्यात तीनदा बुडाला आणि गेमचा रिमोट गादीवर फेकून पेपर वाचत बसला. त्यानंतर अडीच महिने रोज, शाळेतून आल्यावर आणि तो ड्युटीवरून येईपर्यंत, खेळत होती ती जयमाला. नाव तेवढं त्याचंच राहिलं. रेशनकार्डावर त्याचं, लाइटबिलावर त्याचं, तसं इथंही. तिने कधी मनावर घेतलं नव्हतं. पण ही मिशी!

"जुन्यात न् ह्याच्यात फरक काय पन?" आसारामने विचारलं.

"जुन्यात काय हाय? मेलं की पुन्यांदा पहिल्यापासून. नुसता वैताग."

"मी सांगते फरक," जयमालाने ट्रे स्टुलावर आदळला. "नव्यात त्या गुहेतल्या पाण्याचा आवाज आला की अंगावर काटा येतो, हे खरंय. पण दर दाराला सीडी गुरगुरत बसते आणि आपण वाट बघायची. माणसाचं तोंड चौकोनी. भिंतीजवळ गेलं की माणूस दिसत नाही, भिंतच दिसते. जुन्यात बोट टेकलं की गडी उडालाच. पडला तर आपलंच बोट चुकलं, दुसऱ्यावर ढकलायची सोय नाही. आणि जुना कुणाचं नाव लक्षात ठेवत नाही. ज्याला येतं त्यानं बसून दाखवायचं."

योगेश हसला. "मास्तरीनबाई हायती, बोलायला ऐकत न्हाईत."

"द्यायचाय ना यांना? मग चालतो का बघून द्या. लावा."

आता पाहुण्यासमोर नाही कसं म्हणणार? योगेशने वायरी जोडल्या, कॅसेट खोवली. पडद्यावर नुसते पट्टे आले. त्याने कॅसेट काढून फुंकर मारली, पुन्हा खोवली. पुन्हा पट्टे. तिसऱ्या फुंकरीला थुंकी उडाली.

"बिघडलाय ह्यो."

जयमाला पुढे झाली. पर्समधून शाळेला जातानाचं एसटीचं तिकीट काढलं, चार घड्या घातल्या आणि कॅसेटच्या डाव्या अंगाला पाचरीसारखं दाबून बसवलं. गेम लागला. पाच वर्षं तो असाच लागत होता.

"खेळा."

योगेश पहिल्या खड्ड्यात पडला. दुसऱ्यांदा त्याच खड्ड्यात. तिसऱ्यांदा खड्ड्यापर्यंत पोचलाच नाही. खेळ संपल्याची धून वाजली. आसाराम रिकाम्या कपात बघत राहिला.

"रिमोट आखडलाय," योगेश म्हणाला.

जयमालाने उभ्याउभ्याच रिमोट घेतला. खड्डा गेला, पूल गेला, दुसरा टप्पा गेला. बोटं चालत होती आणि ती आसारामशी बोलत होती, चहात साखर बरोबर होती का म्हणून. तिसऱ्या टप्प्याच्या ऐन मध्यावर तिने बटण बंद केलं. झालेलं सगळं गेलं, आणि तिला त्याचं काही वाटलं नाही.

मग तिने नवा गेम लावला. योगेशच्या नावावर जाऊन एक बटण दाबलं. मशीनने विचारलं, पुसायचं का?

"आगं आगं, काय करती? सगळं जाईल!" योगेश उठलाच.

"तुमचंच आहे ना? असंच, वेळ मिळेल तसं खेळलेलं?"

योगेशने आसारामकडे पाहिलं. मग तिच्याकडे. त्याने "खेळलेली तू हायेस" एवढंच म्हणायचं होतं. तिने वाट पाहिली. खरंच पाहिली. त्याचं बोट पुन्हा मिशीकडे गेलं.

तिने 'हो' दाबलं. अडीच महिन्यांच्या दुपारी एका टिचकीत गेल्या.

आसारामने आपली रिकामी पिशवी उलटी करून झटकली आणि घडी घालून काखेत मारली. "येतो वैनी," एवढंच म्हणून तो चपला घालायला वळला.

पडद्यावर नावाची रिकामी चौकट लुकलुकत होती. जयमालाने रिमोट नवऱ्याच्या हातात दिला.

"लिहा नाव," ती म्हणाली. "तेवढं येतं तुम्हाला."