ठोक्याचा ‘उठा!’

“तिसऱ्या तुकड्यात ती काच फुटल्याचा आवाज येतो ना, तो काढून टाक,” बायको दारातून कुजबुजली.

ठोक्याने हेडफोन मानेवर ओढले. “अगं, तो रेकॉर्ड करण्यापायी आईचे तीन कप गेलेत!”

“चौथा वाचव म्हणजे झालं.”

शाळेत बाकं बडवून बडवून त्याला हे नाव पडलं होतं. पुढे त्या बडवण्याचाच धंदा झाला. रॅप करणाऱ्या पोरांना तो बीट बनवून द्यायचा. पोरं स्टेजवर टाळ्या घ्यायची आणि ठोक्याचं नाव कुठेतरी खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत. आता मात्र त्याने स्वतःचा अल्बम करायला घेतला होता. गाणारा कोणी नाही, नुसता ठेका आणि पोटात घुमणारा बेस. नाव, ‘उठा!’

“ऐकणारा ताडकन उभा राहिला पाहिजे,” तो भेटेल त्याला सांगायचा.

नाही चालला तर काय, तेही ठरलेलं होतं. मेहुण्याच्या टाइल्सच्या दुकानात काउंटरमागची खुर्ची त्याच्यासाठी राखून ठेवलेली होती. मेहुणा अधूनमधून फोन करून तिची खुशाली कळवायचा. “दाजी, खुर्ची तुमची फार आठवण काढते.”

म्हणून ठोक्या बायकोचं मुकाट्याने ऐकत होता. पूर्वी ती त्याच्या खोलीकडे फिरकतही नसे. हल्ली दुपारी स्पीकरवर काम सुरू झालं, की लेकीला खांद्यावर टाकून दारात येऊन उभी राहायची आणि डोळे मिटून डुलायची. आपल्या बीटवर डुलणारी बायको! ठोक्याला भरून यायचं. मध्येच काही विचारलं तर ओठांवर बोट. इतकी तल्लीन.

आणि कान तरी केवढा तयार! “एक संपून दुसरं सुरू होताना मध्ये शांतता नको. एकातूनच दुसरं निघू दे.” “शेवट असा धाडकन तोडू नकोस रे.” अगदी सुरुवातीला तो स्वतःच्या आवाजात “उठा!” म्हणून ओरडला होता. तेही तिने काढायला लावलं.

“अगं, अल्बमचं नावच ते आहे.”

“मग कव्हरवर आहे ना? वाचता येतं लोकांना.”

काढलं. काचही काढली.

अल्बम बाहेर आला आणि सुरुवातीला तो फक्त घरच्यांनी ऐकला. आई म्हणाली, “मी फोनवर लावून आवाज बंद करून ठेवते. तेवढाच तुझा आकडा वाढेल.” मेहुण्याने खुर्चीला नवीन गादी घातल्याचं कळवलं.

मग एक दिवस आकडा हलला. दुसऱ्या दिवशी पळत सुटला.

“मी आमच्या ग्रुपवर टाकला होता,” कपड्यांच्या घड्या घालत बायको म्हणाली.

“कॉलेजच्या?”

“असाच आहे एक.”

मेसेज येऊ लागले. ‘दादा, तुम्ही देवमाणूस आहात.’ ‘याच्याशिवाय आता आमच्या घरात एक दिवस जात नाही.’ ‘हा सापडला नसता तर मला वेड लागलं असतं.’ असे बरेच वाचल्यावर ठोक्याच्या एक गोष्ट लक्षात आली. तो आरशासमोर उभा राहिला, पोट आत ओढलं आणि बायकोकडे गेला.

“तुला सांगितलेलं बरं. हे सगळे मेसेज बायकांचेच आहेत.”

बायको इतकी हसली, की तिला भिंतीला टेकावं लागलं.

“हसतेस काय? एकीने लिहिलंय, नवऱ्यापेक्षा तुमचा आधार वाटतो.”

“वाटत असेल बिचारीला,” डोळे पुसत ती म्हणाली.

पुढच्याच महिन्यात पहिला शो ठरला. आयोजक बाईंचा फोन आला. “सर, वेळ संध्याकाळी लवकरची ठेवलीय. खुर्च्या काढून टाकतोय, सगळ्या उभ्यानेच ऐकणार आहेत. आणि दाराला पायऱ्या नसलेला हॉल घेतलाय.”

खुर्च्या नाहीत, म्हणजे नाच होणार! पायऱ्या नाहीत, म्हणजे स्पीकर ढकलत आत नेता येणार! बाई हुशार होत्या.

ठोक्याने लगेच मेहुण्याला फोन लावला. “हॉलमध्ये एक जरी माणूस पेंगला ना, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या खुर्चीत येऊन बसतो.”

“दाजी, शब्द दिलात हं!”

शोच्या दिवशी तिकिटं संपल्याची पाटी दारावर लागली. ठोक्याने एक बेत मनात ठेवला होता, बायकोलाही न सांगता. पहिला तुकडा बंद पडद्यामागून वाजवायचा, तो संपत आला की पडदा उघडायचा आणि अल्बममधून काढलेली ती आरोळी माइकवर ठोकून द्यायची. बघू कोण जागेवर राहतं ते.

तुकडा सुरू झाला. बेस जमिनीतून तळपायात चढला. पडद्यापलीकडे मात्र काहीच नाही. शिट्टी नाही, आरडाओरडा नाही. डोळ्यांसमोर ती नव्या गादीची खुर्ची आली.

पडदा सरकला. त्याने माइक तोंडाशी नेला, छाती भरून श्वास घेतला आणि समोर पाहिलं.

पहिल्या रांगेत बायको ओठांवर बोट ठेवून उभी होती. तिच्या मागे, मंद उजेडात, पार शेवटच्या भिंतीपर्यंत, शेकडो आया तशाच ओठांवर बोट ठेवून डुलत होत्या, आणि प्रत्येकीच्या खांद्यावर त्याचा एकेक चाहता गाढ झोपला होता.