पान्हा

शनिवारी सकाळी दहा वाजता सिंधूने लष्कराच्या सुभेदाराची वाट अडवली. भूकंपाला दोन दिवस आणि सहा तास झाले होते.

"इथं खणा," ती म्हणाली. "लेकरू जितं हाय."

सुभेदाराने शेषेरावांकडे पाहिलं. शेषेराव पलीकडच्या गावचे तलाठी. गुरुवारपासून ते इथे मेलेल्यांची नोंद करत होते. नाव, वय आणि नातलगाचा अंगठा. दोनशेच्या पुढे गेल्यावर त्यांनी माणसांच्या तोंडाकडे बघणं सोडलं होतं.

नियम एकच होता. आत कुणी जिवंत आहे असं घरच्याच माणसाने सांगितलं, तरच जवान हाताने खणत. बाकी गल्लीवर बारा वाजता बुलडोझर फिरणार होता. वास सुटला होता.

"आवाज ऐकलास का?" शेषेरावांनी विचारलं.

"काल ऐकला. आज न्हाई."

"मग कशावरून म्हणतीस?"

सिंधूने पदर बाजूला केला. चोळी पार भिजली होती. "मघाशी हितं उभी ऱ्हायले अन् पान्हा फुटला. लेकरू रडल्याबिगर फुटतो व्हय?"

सुभेदाराने मान खाली घातली.

कडेला तिचा सासरा दगडोबा उकिडवा बसला होता. त्याच्या अंगठ्याला निळी शाई होती. गावात निम्म्या माणसांच्या अंगठ्याला होती.

"दगडोबा, सून म्हणती ते खरं का?"

"मला काय इचारता, सायेब? माज्या छातीत दूध हाय व्हय?" म्हाताऱ्याने तोंड फिरवलं.

लेकरू गेलं तरी आईचं दूध लगेच आटत नाही, हे शेषेरावांना ठाऊक होतं. त्यांच्या स्वतःच्या घरात ते झालं होतं. इथं खणायचं तर आठ जवान दोन तास गुंतणार. सकाळपासून अशा तीन आया येऊन गेल्या होत्या, आणि तिन्ही ठिकाणी हाती काहीच लागलं नव्हतं.

"खणा," ते म्हणाले.

सिंधूने जागा दाखवली.

"तुझी चौकट तर अलीकडं दिसती," शेषेराव म्हणाले.

"भिंत कलली, सगळंच तिकडं सरकलं. बोलू नका, दगड उचला."

त्यांनी दगड उचलले. माळवदाची माती घमेल्यांनी निघाली. मग एक तुळई, फुटका रांजण, शिलाई मशीनचं चाक. सिंधू प्रत्येक घमेल्यामागे म्हणायची, "हळू, दादा." दगडोबा एकदाही उठला नाही.

पावणेबाराला गल्लीच्या तोंडाशी बुलडोझर येऊन थांबला. ड्रायव्हरने हॉर्न दिला.

"बंद कर रे ते!" सिंधू ओरडली.

इंजिन बंद झालं. त्या शांततेत एका जवानाने हात वर केला. मांजराच्या पिल्लासारखा बारीक आवाज आला. मशीनच्या टेबलाखाली हातभर पोकळी राहिली होती. त्यात धुळीने पांढरं झालेलं पोर होतं.

सुभेदार त्याला डॉक्टरकडे नेऊ लागला. सिंधूने ते हिसकावून घेतलं, तोंड पदराने पुसलं आणि सगळ्यांकडे पाठ करून अंगाशी लावलं. पोर आधी ठसकलं, मग ओढू लागलं. जवानांपैकी कुणीतरी रडत होतं.

शेषेरावांनी दुसरी वही उघडली. ही वाचलेल्यांची. तिच्यात एकच पान भरलं होतं.

"लेकराचं नाव सांग, बाई."

"यासेर."

पेन थांबलं.

"बापाचं?"

"जिलानी टेलर. आमचे शेजारी. ते अन् शकिलाभाभी अजून खालीच हायत."

"आणि तुझं लेकरू?"

सिंधू वळली नाही. दगडोबाने शाईचा अंगठा उचलून पहिल्या वहीकडे केला.

शेषेरावांनी गुरुवारचं पान काढलं. सतरावी ओळ. पूनम, वय सात महिने, आई सिंधू. अक्षर त्यांचंच होतं.