पुढच्या वर्षीचा पाट

बुधवारी जग बुडणार, असं टीव्हीवाले चार दिवस घसा ताणून सांगत होते. परदेशात कसलंसं यंत्र सुरू होणार आणि पृथ्वी गिळणार म्हणे. आधीच डॉक्टरांनी हृदय कमजोर सांगितलेलं, त्यात हे. पूर्णा गावच्या केसरीनाथने अन्नच टाकलं. मंगळवारी सकाळी बायको अंगणात गणपतीचा पाट घासत होती. "कशाला धुतेस, कमळे? उद्या काय उरणार हाय?" तो कण्हला. कमळाने काथ्या आपटला. "काल विसर्जनाला 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणून बोंबलत होतात, ते देवाशी खोटं बोललात काय?" केसरीनाथ उठला आणि ओला पाट खांद्यावरून थेट मूर्तिकाराच्या कारखान्यात नेऊन ठेवला. मूर्तिकार हसला. "काका, पुढच्या गणपतीचा पाट आत्ताच?" "आत्ताच!" केसरीनाथ गरजला. "पाहुण्याला मीच बोलावलंय. मग तो येल तवा घरात मी नको?"