बाकावरून दिसायचं ते कितो

सकाळपासून स्लॅब ओतला जात होता आणि एफ्राइनकाका काही आपल्या अंगणातल्या बाकावरून उठले नव्हते.

खाली चुलीवरचा मका ढवळता ढवळता झोइला सारखी वर बघत होती. गल्लीतल्या घराघरातून एकेक माणूस आला होता. मिंग्याची, म्हणजे सगळ्या गल्लीने मिळून करायच्या कामाची, रीतच ती: ज्याचा स्लॅब त्याने जेवण घालायचं, बाकीच्यांनी बादल्या उचलायच्या. नव्हते ते फक्त मागच्या घरातले काका. मागचं घर म्हणजे चढावर, झोइलाच्या घराच्या अगदी डोक्यावर.

"म्हातारबा रुसलेत वाटतं," विनिसियो मिस्त्री म्हणाला.

"रुसू देत. हक्क आहे त्यांचा."

हक्क होताच. त्या बाकावरून अख्खं कितो दिसायचं. बासिलिका चर्चचे दोन मनोरे, टेकडीवरची पंखवाली माता, डोंगरांच्या मधे कोंबून बसवलेलं ते लांबोडकं शहर, आणि आभाळ निवळलं की थेट कोतोपाक्सी ज्वालामुखीवरचं बर्फ. बायको गेल्यापासून काका तिथेच बसून दिवस काढायचे. आज नुसते खांब होते म्हणून मधून दिसत तरी होतं. छत झालं, भिंती भरल्या, की समोर झोइलाच्या विटा. तिला ते रात्रंदिवस खात होतं. पण मुलगी लेकरं घेऊन परत आलेली, एका खोलीत किती जणांनी झोपायचं?

स्लॅब अर्ध्यावर आला होता. मधेच पाऊस आला तर सिमेंट वाहून जाणार आणि छत जन्मभर गळणार, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. तरी दमलेले हात ढिले पडले होते, कोणीतरी चिचाचा, मक्याच्या दारूचा पेला फिरवत होतं.

तेवढ्यात वरून काका ओरडले.

"अरे, पाऊस तिकडे दक्षिणेला, व्हिलाफ्लोराला लागलाय. अर्ध्या तासात इथे येतोय. पिणं नंतर करा."

सकाळपासून म्हातारा दक्षिणेवर नजर लावून बसला होता तर. खालून कोणालाच ते दिसत नव्हतं. भिंत धरत धरत ते उतरले, रांगेत घुसले आणि रिकाम्या बादल्या खाली द्यायला लागले. मग कोणाची बसायची काय बिशाद. मिक्सर घरघरत राहिला, बादल्या पळत राहिल्या.

शेवटची बादली वर गेली तेव्हा व्हिलाफ्लोरा धुक्यात गडप झाला होता. झोइला प्लास्टिकची गुंडाळी घेऊन वर आली. काका कडेला उभे राहून धापा टाकत होते.

"काका, देव तुमचं भलं करो," ती म्हणाली. "मी तुमचं शहर झाकलं, आणि तुम्ही..."

"मी रोसाउराचं झाकलं होतं." त्यांनी आणखी वरच्या घराकडे बोट केलं. "माझ्या स्लॅबच्या दिवशी बटाटे सोलायला आली होती ती. तोंड फुगवून बसली होती, पण सोलले सगळे."

झोइलाला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

"बाई, गच्चीच्या जिन्याच्या सळया स्वयंपाकघराकडे सोडतोय," ओल्या काँक्रीटवर वाकलेला विनिसियो म्हणाला.

"तिकडे नको. मागे सोड, काकांच्या अंगणाकडे."

"अहो, मग कपडे वाळत घालायला तुम्ही दुसऱ्याच्या दारातून येणार? एवढा वळसा घालून?"

"येईन."

"ठरलं होतं वेगळंच."

"आता हे ठरलं." पहिला थेंब तिच्या हातावर पडला, तशी तिने प्लास्टिकचं एक टोक काकांच्या हातात दिलं. "आणि पायऱ्या बुटक्या ठेव रे. बाक वर न्यायचाय."