महिपतशेठांचं दुखणं

“आल्या! वहिनी बांधावरून आल्या!” खिडकीशी बसलेला आनंद ओरडला, आणि भर दुपारी, हातात तीन राजे असताना, महिपतशेठांना आजारी पडावं लागलं.

गुरुदत्तने पत्ते गोळा करून गादीखाली कोंबले. चिंचोके कोनाड्यात गेले. शेठ सदरा काढून चादरीत शिरले आणि कण्हू लागले.

सगळा घोळ गुरुदत्तनेच करून ठेवला होता. लढाईच्या दिवसांत कल्याणच्या लष्करी डेपोत कारकुनी करताना एका गोऱ्या सार्जंटकडून तो पोकर शिकला. पुढे लग्न झालं, डोंबिवलीत बिऱ्हाड थाटलं, तेव्हा त्याने मोठ्या कौतुकाने बायकोला तो डाव दाखवला. सुमेधाने शांतपणे पाहिला. मग पत्ते उचलले, पेटत्या बंबात घातले आणि त्यावर तापलेल्या पाण्याने त्याला अंघोळ करायला लावली.

“अगं, आम्ही चिंचोक्यांवर खेळतो,” तो म्हणाला.

“माझे मामाही कवड्यांवरच खेळायला लागले होते. शेवटी मामीच्या अंगावर मंगळसूत्र तेवढं उरलं. पुन्हा पत्त्यांना हात लावलात तर मी माहेरी जाईन, आणि परत यायची नाही.”

सुमेधा बोलल्याप्रमाणे करणारी बाई होती. म्हणून गुरुदत्तने एक आजारी माणूस तयार केला. जवळच्या कोपर गावचे महिपतशेठ. भातशेतीचे आणि मिठागराचे मालक, बायको जाऊन कितीतरी वर्षं झालेली, मूलबाळ नाही. मोठ्या घरात एकटेच. प्रकृतीने मात्र रेड्यासारखे धट्टेकट्टे आणि पोकरचे सगळ्यांत वेडे. “बिचारे अंथरुणाला खिळलेत,” गुरुदत्त घरी सांगे, “रविवारचं जाऊन बसावं म्हणतो.” सुमेधाला नवऱ्याचा अभिमान वाटे. ती त्याच्याबरोबर डबा देई. कधी पेज, कधी मुगाची खिचडी. डबा तो, त्याचा दोस्त आनंद आणि शेठ मिळून फस्त करत, मग शेठ पत्ते पिसत. आजाराला मात्र कुणी नाव दिलेलं नव्हतं.

आज ती स्वतःच डबा घेऊन आली होती.

“काय होतंय हो यांना?” तिने दारातच विचारलं.

“छातीत,” गुरुदत्त म्हणाला.

“पोटात,” आनंद त्याच वेळी म्हणाला.

“गुडघा,” शेठ चादरीतून कण्हले.

“अगंबाई! इतकं सगळं?” सुमेधाचा चेहरा उतरला. तिने इकडेतिकडे पाहिलं. माठ उघडा होता. केर कुणी काढला नव्हता. तिने पदर खोचला, घर झाडलं, माठ विसळून भरला, फडकं भिजवून शेठांच्या कपाळावर ठेवलं. मग डबा उघडला. “उठून बसा बघू, महिपतभाऊ. चार घास खाऊन घ्या.”

शेठ उठून बसले आणि गुरुदत्तची नजर त्यांच्या पाठीकडे गेली. घामेजल्या उघड्या पाठीवर किलवरची राणी चिकटली होती.

तो झेपावला. पलंगामागे उभा राहून त्याने राणीवर तळवा दाबला आणि शेठांना सावरून धरलं. “बसवत नाही त्यांना,” तो म्हणाला.

सुमेधा मऊ भात कालवून भरवत होती. जेवण संपेपर्यंत गुरुदत्त तसाच उभा. हाताला रग लागली, पण तो हलला नाही. परक्या माणसासाठी नवऱ्याची ही माया पाहून सुमेधाचे डोळे भरून आले. ती शेठांना दटावत होती. “रात्री पाय उघडे टाकून झोपता ना? औषध वेळेवर घेता का? तुमच्याकडे बघायला कुणी नाही, तर स्वतःकडे स्वतःच बघायला नको का?” शेठ मान डोलावत होते. मिरचीचा तुकडाही नव्हता भातात, तरी त्यांच्या नाकाला पाणी आलं होतं.

ती गेल्यावर आनंद पोट धरून हसला. गुरुदत्तने राणी सोलून काढली आणि गादीखालच्या पत्त्यांत सरकवली. राहिलेला डाव खेळायला शेठ काही उठले नाहीत. त्यांना राजांचं विचारलं, तर म्हणाले, “ऱ्हाऊदे.”

गुरुदत्तने तेवढ्यावरून धडा घेतला. पुढच्या रविवारी निघताना त्याने सुमेधाला सांगून टाकलं, “शेठ आता अगदी ठणठणीत झालेत. तू कशाला उन्हाची येतेस?” तिने हात जोडले, देवापुढे साखर ठेवली. गुरुदत्त शीळ घालत कोपरला पोचला.

आनंद आधीच येऊन ओसरीवर ताटकळत होता. अंगण झाडलेलं होतं. माठावर झाकण होतं. आत शेठ दाढी करून, धुतलेली बंडी घालून पलंगावर निजले होते. कपाळावर ओलं फडकं होतं. उशाशी एक पाट मांडून ठेवला होता.

“उठा शेठ, आज कुणी येत नाही,” गुरुदत्त हसून म्हणाला. “तुम्ही बरे झालात म्हणून घरी सांगून आलोय.”

आनंदने पत्ते पिसले. “वाटू ना?”

शेठ ताडकन उठून बसले. “आजारी मानसाच्या उशाशी पत्ते? लाज नाय वाटत?”

शेठांनी फडकं नीट केलं, पुन्हा आडवे झाले, चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि भिंतीकडे तोंड करून पुटपुटले,

“वयनींना जाऊन सांगा, आज जास्तच हाय.”